पकड

सातपूरला, अंबड लिंक रोडच्या अलीकडे,
दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा.
खाली नटबोल्टचं युनिट. त्यांचा प्रेस दर अकरा सेकंदांनी
आमचा मायक्रोस्कोप हलवतो.
दोन धक्क्यांमधल्या जागेत फोटो काढायला
आम्ही शिकून घेतलंय.

एकोणचाळीस नंबरवर माझा जीव होता.
दीड वर्षं घडवत होते तिला:
उंदराच्या अँटिबॉडीच्या टोकाच्या सहा वळ्या
उचलून माणसाच्या सांगाड्यावर बसवलेल्या,
रक्तानं तिला परकी म्हणू नये म्हणून.
ह्याला आमच्यात कलम करणंच म्हणतात.
पिंपळगावच्या निवृत्तीमामाला हे सांगितलं, तेव्हा तो
डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी बसवत होता.
मान वर न करता म्हणाला,
"मग द्राक्षं उंदराला येणार का माणसाला?"

एकोणचाळीस धरायची. कशी धरायची!
पेशीच्या अंगावरचं ते एक प्रथिन
एकदा हाती आलं की सोडायचीच नाही.
आलेखाची रेघ चढली ती खाली उतरेना.
बोरस्ते मॅडमनी त्या दिवशी सगळ्यांना मिसळ दिली,
पाव दोन-दोन जास्तीचे.

मग पेशींना विचारायची वेळ आली.
विचारायचं म्हणजे
टी-पेशीत कॅल्शियमला चमकणारा रंग भरायचा,
अँटिबॉडी टाकायची, दिवे घालवून बसायचं.
बाहेर कुणी कडी वाजवली
की आतलं एक प्रथिन शेजारच्याला फॉस्फेट चिकटवतं,
तो त्याच्या शेजारच्याला,
असं कानोकानी थेट केंद्रकापर्यंत,
आणि वाटेत कुठेतरी पेशी हिरवी होते.

प्रेस वाजला.
प्रेस वाजला.
दारोदार माझी एकोणचाळीस बिलगून उभी
आणि आत कुणालाच पत्ता नाही.

तबस्सुम पिंजारी म्हणाली,
"प्लेटीत एक खाचा रिकामा होता, ताई.
सोळा टाकलीय त्यात. वाया कशाला घालवायचा."
सोळा! दिवाळीआधीच बाद केलेली,
धरते न धरते तोच निसटणारी.
पडद्यावर एक हिरवा ठिपका.
मग त्याच्यापासून लांब, कोपऱ्यात, दुसरा.
मग मी मोजायचं सोडलं.

नंतर कळलं ते असं:
सोळा धरते, सोडते, बाजूच्याला धरते,
त्या येरझाऱ्यांत ती प्रथिनं एका ठिकाणी गोळा होतात,
आणि गोळा झाली तरच आत निरोप जातो.
एकोणचाळीसनं ज्याला त्याला जागच्या जागी खिळवलं होतं.
मी वहीत लिहिलं: घट्ट धरणं म्हणजे कळवणं नव्हे.
ओळ बरी वाटली.
रविवारी मामाला ऐकवली.
तो कलमावर पट्टी गुंडाळत होता.
"घट्टच बांधायची," तो म्हणाला,
"सैल राहिली तर हवा शिरते, काडी वाळते."
घरी येऊन ओळ खोडली.

सोमवारी एकोणचाळीसच्या कुप्या
फेकायच्या ट्रेमध्ये ठेवत होते.
तबस्सुम दारात उभी, डाव्या हाताची बोटं
उजव्यानं चोळत. सकाळी नऊपर्यंत
तिची बोटं मिटत नाहीत; सांध्यांवर
तिच्याच पेशी चालून येतात, न बोलावता.
"ताई, ही निरोप आत जाऊ देत नाही ना?"
"नाही."
"कुणाचाच?"

मी तिला दहा वर्षं लागतात ते सांगितलं.
माकडांवरच्या चाचण्या, पैसे, परवानग्या,
आणि बहुतेक वेळा शेवटी काहीच नसतं, तेही.
ती ऐकत होती. मग एक कुपी माझ्यापुढे धरली:
"झाकण उघडून द्या. मोजून ठेवते किती उरलीय."

खाली प्रेस वाजला.
आम्ही दोघी सवयीनं थांबलो.
मग तिनं उणे ऐंशीचं दार ओढलं,
आणि लेबल मी लिहिलं.